प्रयोगात मोबाईलवर शूटिंग केलं तर नेमकं बिघडतं काय?

प्रश्न असा आला आहे: "सासूबाईंना गुडघ्यांमुळे नाट्यगृहाच्या पायऱ्या चढवत नाहीत. त्यांना दाखवायला म्हणून मी एका नाटकाचा शेवटचा प्रवेश मोबाईलवर शूट केला, दहा-बारा मिनिटं. डोअरकीपरने चालू प्रयोगात टॉर्च मारला. प्रयोग संपल्यावर व्यवस्थापकांनी चार लोकांसमोर फोन मागितला आणि व्हिडिओ डिलीट करायला लावला. मी तिकिटाचे पैसे मोजले होते. घरच्या ग्रुपवर टाकण्यापलीकडे माझा काही हेतू नव्हता. हा खरंच गुन्हा आहे का? आणि सासूबाईंसारख्यांनी नाटक बघायचंच नाही का?"

ताई, मी 27 वर्षं व्यावसायिक मराठी नाटकांचा सूत्रधार आहे. पेपरातल्या जाहिरातीत निर्मात्याच्या खाली 'सूत्रधार' म्हणून एक नाव छापलेलं असतं, ते माझ्यासारख्याचं. तारखा मिळवायच्या, दौऱ्याची बस वेळेत सोडायची, तिसरी घंटा ठरल्या वेळी द्यायची आणि प्रेक्षागृहात काही बिनसलं तर ते निस्तरायचं, हे आमचं काम. फोन खाली ठेवा म्हणून मी आजवर शेकडो प्रेक्षकांना विनवलं आहे. त्यामुळे मी नाटकवाल्यांच्या बाजूचाच माणूस आहे, हे आधी सांगतो. तरीही तुम्हाला चारचौघांत उभं करून फोन मागितला, ते चुकलंच. अट मोडली तर व्यवस्थापक तुम्हाला बाहेर जायला सांगू शकतो, शूटिंग थांबवायला सांगू शकतो, व्हिडिओ काढून टाकण्याची विनंती करू शकतो. फोन हातातून घेण्याचा किंवा त्यातली गॅलरी चाळण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. बाईमाणसाचा फोन तर नाहीच नाही.

आता कायद्याचं बघू. नुसत्या शूटिंगसाठी 'तीन वर्षं आत जाल' असं कुणी दरडावलं असेल, तर तो आकडा बहुधा सिनेमावरून उचललेला असतो. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहात चालू सिनेमा परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हाच एक स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याला 3 महिने ते 3 वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड आहे. नाटकासाठी अशी स्वतंत्र तरतूद नाही. नाटकाला लागू होतो 1957 चा कॉपीराइट कायदा.

त्या कायद्यात दोन वेगळे हक्क आहेत. एक लेखकाचा, म्हणजे संहितेवरचा. दुसरा कलाकाराचा, म्हणजे त्या संध्याकाळी रंगमंचावर त्याने जे केलं त्यावरचा. हा दुसरा हक्क प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसतो. कलम 38 नुसार प्रयोग झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 50 वर्षं तो टिकतो. आपल्या कामाचं दृश्य किंवा ध्वनी रेकॉर्डिंग करू द्यायचं की नाही हे कलाकाराने ठरवायचं, असं 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 38-अ सांगतं. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे, कारण आपले नट ॲडिशन घेतात. संहितेत नसलेलं वाक्य तिथल्या तिथे सुचतं, हशा येतो, दुसऱ्या दिवशी ते वाक्य नसतंही. कायद्याच्या व्याख्येत नाट्यकृती म्हणजे लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली गोष्ट, त्यामुळे अशी उडती ॲडिशन संहितेच्या संरक्षणात नीट बसत नाही. कलाकाराच्या हक्कात बसते.

पण याच कायद्याच्या कलम 39 मध्ये एक सवलत आहे. रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेलं चित्रण कलाकाराच्या हक्काचा भंग मानलं जात नाही. संहितेपुरती कलम 52 मध्येही खाजगी वापराला सूट आहे, ती रास्त प्रमाणात असेल तर. आमच्यातले लोक ही कलमं सांगायचं टाळतात. मला ते पटत नाही. खोट्या धाकाने प्रेक्षक एकदा ऐकतो आणि पुन्हा नाटकाकडे फिरकत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: घरी एकट्या सासूबाईंना दाखवण्यासाठी केलेलं दहा मिनिटांचं चित्रण हा गुन्हा आहे, असं मी म्हणणार नाही. तुम्ही नाट्यगृहात येण्याची अट मोडलीत. तिकीट म्हणजे त्या खुर्चीत बसून तो प्रयोग बघण्याची परवानगी, आणि छायाचित्रण करू नये ही अट तिकिटावर किंवा फलकावर असते, शिवाय तिसऱ्या घंटेच्या आधी घोषणा होते.

पण तुम्ही 'घरच्या ग्रुपवर' म्हणालात, तिथे गोष्ट बदलते. घरच्या ग्रुपमध्ये कितीजण असतात? नणंदा, जावा, त्यांची सोसायटीतली मंडळी, ऑस्ट्रेलियातला भाचा. त्यातल्या एकाला प्रवेश आवडतो, तो शेवटची दीड मिनिटं कापून रीलवर टाकतो. तुमचा खाजगी वापर तिथे संपला आणि सार्वजनिक प्रसारण सुरू झालं. जाणूनबुजून केलेल्या अशा प्रसारणाला कलम 63 लागू शकतं. 6 महिने ते 3 वर्षं कैद, 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. धंद्यातल्या नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवायही अटक करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. भाच्याला पोलीस धरतील असं नव्हे. पण ज्याच्या फोनमधून ते निघालं त्याच्या हातात पुढचं काहीच उरत नाही, एवढं खरं.

माझं खरं म्हणणं मात्र कायद्याबद्दल नाही. अंधारात एक फोन वर झाला की रंगमंचावर काय होतं, ते प्रेक्षकांना कुणी सांगतच नाही.

प्रेक्षागृह नटाला काळोख दिसतं असा समज आहे. पहिल्या सात-आठ रांगा त्याला बऱ्यापैकी दिसतात. चेहरे नाही दिसले तरी डोकी दिसतात, हालचाल दिसते. त्यात निळसर उजेडाचा एक चौकोन वर आला, की बोलणाऱ्याची नजर तिथे जाते. जाऊ द्यायची नाही म्हटलं तरी जाते. अनुभवी नट वाक्य सोडत नाही, पण श्वास कुठे घ्यायचा ते चुकतं. समोरच्याला क्यू, म्हणजे त्याचं वाक्य सुरू करण्याची खूण, अर्धा क्षण उशिरा मिळतो. प्रेक्षकाला वाटतं, आज जरा रंगला नाही प्रयोग.

ब्लॅकआउट तर धोक्याचाच. आठ-दहा सेकंदांच्या काळोखात बॅकस्टेजची मुलं सोफा फिरवतात, लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे उंचवटे ओढतात, नट विंगेतून येऊन आपल्या जागी उभा राहतो. हे सगळं डोळे अंधाराला सरावलेले असतात म्हणून जमतं. त्यात कुणाचा फ्लॅश उडाला की पुढचे काही क्षण डोळ्यांसमोर नुसता पांढरा ठिपका. आमच्या एका नाटकात एक ज्येष्ठ नट असाच लेव्हलच्या कडेवरून खाली आला. घोटा मुरगळला. पट्टी बांधून त्याने दुसरा अंक केला, पण पुढचे दोन प्रयोग रद्द करावे लागले. प्रयोग रद्द म्हणजे त्या दिवशीची कुणाचीच नाइट नाही. नाइट म्हणजे प्रयोगागणिक मिळणारं मानधन. पोस्टरवर ज्यांचे फोटो असतात त्यांचं एक वेळ निभावतं. कपडेपटवाल्याचं, नेपथ्य लावणाऱ्या पोरांचं निभावत नाही.

मग विनोदी नाटक घ्या. हशाची जागा तालमीत अंदाजाने ठरते आणि पंधरा-वीस प्रयोगांत पक्की होते. नट वाक्य टाकतो, अर्धा क्षण थांबतो, लोक फुटतात. तो अर्धा क्षण त्याने कमावलेला असतो. आमच्या एका नाटकातल्या पहिल्या अंकाच्या शेवटाची क्लिप कुणीतरी टाकली आणि ती भरपूर फिरली. पुढच्या दौऱ्यात लोक वाक्य पुरं व्हायच्या आधीच हसू लागले. ओळखीचं आलं म्हणून हसायचे. नाट्यगृहात हशा होता, पण तो वाक्यावरचा नव्हता, आणि ज्यांनी क्लिप पाहिलेली नव्हती त्यांना वाक्य ऐकूच येत नव्हतं. दिग्दर्शकाने शेवटी अंकाचा शेवट बदलला. रहस्यनाटकाचं तर बोलायलाच नको.

इथे एकजण हमखास विचारतो, "निर्माते स्वतः प्रोमो टाकतात की, मग आमच्या क्लिपचं काय वावडं?" प्रश्न रास्त आहे. प्रोमोतला भाग दिग्दर्शकाने निवडलेला असतो, शेवट राखून. बऱ्याचदा तो कॅमेऱ्यासाठी वेगळा उजेड लावून चित्रित केलेला असतो, कारण रंगमंचावरची प्रकाशयोजना माणसाच्या डोळ्यासाठी केलेली असते. फोनमध्ये स्पॉटखालचा चेहरा पांढराफटक पडतो आणि बाकीचं काळं. मुख्य म्हणजे त्यातल्या प्रत्येकाने हो म्हटलेलं असतं. प्रेक्षकाच्या एका क्लिपने नाटक बुडतं, असं मात्र मी म्हणणार नाही. कधी बुकिंग वाढतंही. पण ते नशिबावर सोडायचं का, हे ठरवण्याचा हक्क ज्यांचं काम आहे त्यांचा.

ज्या गोष्टीने माझं मत कायमचं पक्कं झालं, ती आता सांगतो. आमच्या नाटकात एक तरुण अभिनेत्री होती. दुसऱ्या अंकात तिचा एक प्रवेश होता. बाप गेल्याची बातमी येते, ती जमिनीवर कोसळते, पदर सरकतो, तिला भान नसतं. दिग्दर्शकाने तो प्रवेश फार जपून बसवला होता, आणि लोक अक्षरशः श्वास रोखून बघत. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी तो झूम करून शूट केला आणि वीसेक सेकंदांचा तुकडा असा कापला, की बाप नाही, बातमी नाही, रडणं नाही, फक्त ती आणि तिचा पदर. खाली घाणेरडा मथळा. तिच्या धाकट्या भावाला तो कॉलेजात कुणीतरी दाखवला.

पुढच्या प्रयोगाला ती मेकअप करून तयार झाली आणि मला म्हणाली, "दादा, आज पहिल्या दोन रांगा बघून घ्याल का?" मी आख्खा दुसरा अंक पॅसेजमध्ये उभा राहिलो. कुणी फोन काढला नाही. तरी तिने तो प्रवेश प्रेक्षकांकडे पाठ करून केला. दिग्दर्शक काही बोलला नाही. तिथून शेवटच्या प्रयोगापर्यंत तो तसाच झाला. पहिल्या पंचवीस-तीस प्रयोगांना आलेल्यांनी जे पाहिलं, ते नंतरच्या कुणालाच दिसलं नाही. त्यांनीही तिकिटाचे पैसे तेवढेच मोजले होते.

लावणीच्या कार्यक्रमांतल्या बायका हे वर्षानुवर्षं सोसत आल्या आहेत. ठसकेबाज लावणी करणारी कलावती समोर बसलेल्यांसाठी नाचत असते. खालच्या कोनातून घेतलेल्या, हव्या त्या अवयवावर थांबवलेल्या रीलसाठी नाही. आणि कॅमेरा रंगपटाच्या दारापर्यंत पोहोचला, तर तो कॉपीराइटचा विषय राहत नाही. कपडे बदलणाऱ्या बाईचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली फौजदारी गुन्हा आहे. तिथे कुणी दयामाया दाखवू नये.

तुमचा हेतू याच्या पासंगालाही नाही, हे मला कळतं. पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाला अंधारात फक्त वर आलेला फोन दिसतो. तो कुणाच्या सासूबाईंसाठी आहे ते दिसत नाही.

फोनचं सिग्नल अडवणारा जॅमर का लावत नाही, असंही विचारतात. 2019 मध्ये अभिनेते सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या फोनबद्दल जाहीरपणे उद्वेग व्यक्त केला, तेव्हा नाट्यगृहांत जॅमर बसवण्याची बरीच चर्चा झाली. जॅमरला केंद्र सरकारची परवानगी लागते, कुणालाही तो उठून लावता येत नाही. आणि तो लागला तरी रिंग थांबेल, कॅमेरा चालूच राहील.

संपूर्ण नाटक बाल्कनीतून शूट करून तुकड्या-तुकड्यांत अपलोड करणारेही असतात. त्यांच्यावर उपाय आहे. 2013 च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम 75 प्रमाणे हक्कदाराने लेखी तक्रार दिली, की संबंधित माध्यमाने 36 तासांत ते दिसणं बंद करायचं असतं. पुढे 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ते पुन्हा खुलं होऊ शकतं. माध्यमांचे स्वतःचे तक्रार-फॉर्मही असतात आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. आम्ही अडतो ते वेगळ्याच ठिकाणी. 'हक्क कुणाचा, कागद दाखवा' असं विचारलं जातं आणि आपल्याकडे लेखक-निर्मात्याचा अर्धा व्यवहार तोंडी. एका नाटकाच्या वेळी लेखकाचं पत्र मिळवण्यात माझे नऊ दिवस गेले, तोवर ज्यांना बघायचं त्यांनी बघून घेतलं होतं. नवीन निर्मात्यांना माझं सांगणं आहे, मुहूर्ताचा नारळ फोडण्याआधी चित्रणाच्या हक्कांचा कागद करा. लेखकाशीही आणि प्रत्येक नटाशीही.

दशावताराची गोष्ट निराळी आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या पेडण्याकडे जत्रेच्या रात्री उघड्यावर नाटक असतं, तिकीट नसतं, माणसं राजरोस शूट करतात आणि दुसऱ्या दिवशी ते नेटवर असतं. तिथली वहिवाट तशी पडली आहे. तरी संवाद उत्स्फूर्त असल्याने जे रेकॉर्ड होतं ते सगळं त्या कलाकाराचंच असतं, म्हणून कंपनीच्या मालकामार्फत त्यालाही आधी विचारावं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तोच मला जास्त छळतो, कारण तिथे दोष आमच्याकडे आहे. जपून ठेवलं नाही म्हणून आपलं किती गेलं! बालगंधर्वांचा आवाज तबकड्यांवर उरला, तोही एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. वन्समोअर घेत तासन्‌तास रंगणारी पदं त्या मापात कापून बसवली गेली. त्यांचं रंगमंचावरचं वावरणं आपल्याला बहुतांशी आजी-आजोबांच्या वर्णनातूनच कळलं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1970 पासून नाटकांची रीतसर चित्रणं करून ठेवतात, कलाकारांच्या संमतीने, आणि ती तिथे बसूनच बघायला मिळतात. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2009 मध्ये आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली. ती चित्रणं मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात मराठी प्रेक्षकांनीही पाहिली आहेत. आपल्याकडे काही नाटकांच्या सीडी-डीव्हीडी निघाल्या, काही अधिकृतपणे नेटवर आहेत, पण बंद झालेली बहुतेक नाटकं मागे काही न ठेवता जातात. प्रत्येक नाटकाचा एक तरी प्रयोग तीन कॅमेरे लावून, सगळ्यांना पैसे देऊन नीट चित्रित व्हावा, असं मी प्रत्येक निर्मात्याला सांगत आलो आहे. दोघांनी ऐकलं. ती दोन चित्रणं आज घरी बसलेले किती म्हातारे लोक बघतात, ते मला त्यांच्या फोनवरून कळतं.

सासूबाईंसाठी एवढं करा. जाहिरातीत फोन-बुकिंगचा जो नंबर असतो, तो पुष्कळदा थेट नाटकाच्या माणसाकडे जातो. त्याला तिकीट काढण्याआधीच सांगा, पायऱ्या चढवत नाहीत. बहुतेक नाट्यगृहांत बाजूचं एखादं दार असतं, तिथून कमी पायऱ्या लागतात, आणि बॅकस्टेजची दोन मुलं खुर्चीसकट उचलून नेतात. आम्ही हे अनेकदा केलं आहे आणि कुणी कधी कुरकुर केलेली नाही. रांग अशी मागा जिथे पॅसेजच्या कडेची खुर्ची मिळेल आणि पाय लांब करता येतील. रात्रीच्या प्रयोगापेक्षा दुपारचा घ्या, गर्दीतून बाहेर पडायला वेळ मिळतो. पहिल्या घंटेच्या अर्धा तास आधी पोहोचा. उशिरा आलात तर अंधारात आम्हालाही त्यांना नीट बसवता येत नाही.

फोटो हवा असेल तर प्रयोग संपल्यावर रंगपटाकडे या. मेकअप उतरवता उतरवता नट भेटतात. "आमच्या सासूबाईंना घरी दाखवायचं आहे, दोन शब्द बोलता का?" असं विचारून बघा. सगळेच थांबतील असं नाही, कुणाला पुढच्या प्रयोगाला पळायचं असतं. पण मी पाहिलंय, पंच्याहत्तरीच्या एका नटाने घरी अंथरुणावर असलेल्या एका आजींसाठी रंगपटात उभं राहून नाटकातलं आख्खं स्वगत फोनसमोर म्हटलं होतं, आणि मध्येच नातू हलला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

तो डिलीट केलेला प्रवेश सासूबाईंना अजून बघायचा असेल, तर त्या नाटकाच्या पुढच्या तारखा बघा आणि मी सांगितलं तसा आधी फोन करा.